सात जागा आणि मृतांची फौज

संगणकावरील युद्धखेळात सैन्यभरतीची वेळ आली की नवख्या खेळाडूचा हात प्रथम सर्वांत महागड्या प्राण्याकडे जातो. ड्रॅगन विकत मिळत असताना सापळ्यांच्या नादी कोण लागेल, असा त्याचा साधा हिशेब असतो. काही आठवड्यांनी खजिना रिकामा होतो, ड्रॅगन एकदोनच उरतात आणि शेजारच्या राज्याची फौज वेशीवर येऊन उभी राहते. हा हिशेब नेमका कोठे चुकतो, हे समजून घेण्यासाठी ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या खेळातील ‘नेक्रोपोलिस’ या मृतांच्या नगरीइतके चांगले उदाहरण नाही.

न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगने तयार केलेला आणि थ्रीडीओने प्रकाशित केलेला हा खेळ १९९९ साली बाजारात आला. २००३ मध्ये मालिकेचे हक्क युबिसॉफ्टकडे गेले आणि २०१५ मध्ये नव्या पडद्यांना साजेशी सुधारित आवृत्ती निघाली. मूळ खेळात आठ प्रकारची नगरे आहेत. प्रत्येक नगरात सात दर्जांचे सैनिक तयार होतात आणि दर आठवड्याच्या आरंभी त्यांची नवी तुकडी भरतीला उपलब्ध होते. खेळाडूचा नायक हे सैन्य घेऊन नकाशावर फिरतो आणि षट्कोनी घरांच्या मैदानावर आळीपाळीने लढतो. नायकाच्या सैन्यात जागाही सातच असतात. दर्जे सात आणि जागा सात, म्हणून प्रत्येकातील थोडे थोडे घ्यावे, असा मोह होतो. तो मोडून काढण्यातच भरतीचे खरे कौशल्य आहे.

खजिन्याचा हिशेब

नेक्रोपोलिसमध्ये प्रत्येक दर्जाच्या सैनिकाची सुधारित आवृत्ती असते. तिचा दर असा : स्केलेटन वॉरियर ७० सुवर्णमुद्रा, झोंबी १२५, रेथ २३०, व्हॅम्पायर लॉर्ड ५००, पॉवर लिच ६००, ड्रेड नाइट १,५०० आणि घोस्ट ड्रॅगन ३,००० (शिवाय एक माप पारा). नगराची तटबंदी पूर्ण झाली की साप्ताहिक भरती दुप्पट होते. म्हणजे अनुक्रमे २४, १६, १४, ८, ६, ४ आणि २. हे सारे विकत घ्यायचे, तर आठवड्याला २६,५०० मुद्रा लागतात. याउलट ‘सिटी हॉल’ बांधलेल्या नगराचे उत्पन्न दिवसाला २,००० म्हणजे आठवड्याला १४,००० एवढेच असते. खाणींतून मिळणारा पैसा इमारती आणि दुय्यम नायकांवर खर्च होतो. थोडक्यात, उपलब्ध सैन्यापैकी जवळजवळ निम्मे सोडून द्यावेच लागते. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर सोडायचे काय, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

फुकटचे सैनिक

त्याचे अर्धे उत्तर नगरीच्या स्वभावात दडलेले आहे. येथील नायकांना ‘नेक्रोमन्सी’ ही विद्या अवगत असते. लढाई जिंकली की ठार झालेल्या शत्रूंपैकी काही जण सापळे होऊन नायकाच्या सैन्यात दाखल होतात. या विद्येच्या पहिल्या पायरीवर हे प्रमाण दहा टक्के, दुसऱ्या पायरीवर वीस आणि तिसऱ्या पायरीवर तीस टक्के असते. शंभर भालाईत मारले की तीस सापळे. साध्या सापळ्याची किंमत ६० मुद्रा धरली, तर एका लढाईतून १,८०० मुद्रांचे सैन्य हाती आले. साधा बोन ड्रॅगन नेमक्या तेवढ्याच रकमेला मिळतो. थेंबे थेंबे तळे साचते. सापळ्यांची संख्या तीनशेवर गेली, की त्यांचे एकत्रित जीवनगुण १,८०० होतात, म्हणजे नऊ घोस्ट ड्रॅगनांइतके. पुढे चाहत्यांनी तयार केलेल्या ‘हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस’ या विस्तारात ही टक्केवारी निम्म्यावर आणण्यात आली. मूळ विद्येचे सामर्थ्य त्यावरूनही लक्षात यावे.

तेव्हा एक जागा सापळ्यांसाठी राखून ठेवावी आणि त्यांच्यावर खजिना रिता करू नये. सापळे लढाईतून येतातच. पैसा लढाईतून न मिळणाऱ्या सैनिकांवर खर्च करावा.

व्हॅम्पायरांचे मोल

अशा सैनिकांत पहिला मान व्हॅम्पायर लॉर्डचा. तो उडतो, त्याचा वेग ९ आहे आणि त्याने हल्ला केला तर शत्रूला प्रतिहल्ला करता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याने जेवढी इजा केली तेवढे जीवनगुण त्याच्या तुकडीला परत मिळतात आणि त्याच लढाईत पडलेले साथीदारही पुन्हा उभे राहतात. वीस व्हॅम्पायर लॉर्डांचा एक हल्ला (आक्रमण-बचावातील फरक बाजूला ठेवला तर) १०० ते १६० इजा करतो. एकाचे जीवनगुण ४०. म्हणजे एका हल्ल्यात दोन ते चार साथीदार परत मिळू शकतात. काळजीपूर्वक खेळले, तर लढाई संपताना तुकडीची संख्या आरंभी होती तेवढीच राहते. घोस्ट ड्रॅगन पडला, की ३,००० मुद्रा पडल्या. व्हॅम्पायर मात्र महिनाभर रोज लढूनही तेवढेच राहू शकतात. ही शक्ती मृत, गोलेम आणि पंचमहाभूतांच्या सैनिकांविरुद्ध चालत नाही. त्यांच्यापुढे ही तुकडी जपून वापरावी.

दुसरा मान पॉवर लिचचा. नेक्रोपोलिसमध्ये दुरून मारा करणारा हा एकच दर्जा. त्याच्या माऱ्यातून उठणारा मृत्यूचा ढग लक्ष्याच्या शेजारच्या जिवंत सैनिकांनाही झोडपतो, पण मृतांना बाधत नाही. त्यामुळे आपले सापळे शत्रूला भिडलेले असतानाही त्याच गर्दीत निर्धास्तपणे मारा करता येतो. तिसरा ड्रेड नाइट. १२० जीवनगुणांचा हा स्वार शत्रूला शाप देतो आणि अधूनमधून दुप्पट घाव घालतो.

आता बेरीज करू. आठ व्हॅम्पायर लॉर्ड ४,०००, सहा पॉवर लिच ३,६००, चार ड्रेड नाइट ६,०००, एकूण १३,६००. सिटी हॉलच्या चौदा हजारांत हे बसते. उरलेल्या चारशे मुद्रांत सापळ्यांचे दालन सुधारलेल्या नगरात चाळीस सापळ्यांना स्केलेटन वॉरियरचा दर्जा देता येतो.

सोडून दिलेले

झोंबी स्वस्त आहे. परंतु त्याची खरी किंमत वेगात मोजावी लागते. नायकाची दिवसभराची चाल सैन्यातील सर्वांत मंद सैनिकावर ठरते. सुधारणा न झालेला ‘वॉकिंग डेड’ सोबत असेल, तर सपाट जमिनीवर दिवसाला पंधरा घरे. केवळ व्हॅम्पायर लॉर्ड असतील, तर एकोणीस. आठवड्यात हा फरक अठ्ठावीस घरांचा होतो. झोंबींनी नगराच्या रक्षणासाठी मागे राहावे, हेच इष्ट. अन्य नगरांतील जिवंत सैनिकही सोबत घेऊ नयेत. मृतांना मनोधैर्याचे सुखदुःख नसते, पण त्यांच्या सहवासात जिवंतांचे मनोधैर्य खचते आणि ते आपली पाळी गमावू लागतात.

रिकाम्या राहिलेल्या जागांत एकेक सापळा ठेवावा. बहुतेक तुकड्या एका फेरीत एकदाच प्रतिहल्ला करतात. एकटा सापळा पुढे पाठवून तो प्रतिहल्ला झेलावा आणि मग मुख्य तुकडीने निर्धोक घाव घालावा.

‘कॅसल’ या मानवी नगरात हाच हिशेब वेगळे उत्तर देतो. तेथे मेलेल्यांतून फुकटचे सापळे मिळत नाहीत. पण १८ वेगाचा आर्चएंजल पडलेल्या सैनिकांना पुन्हा उभे करतो, म्हणून तेथे ५,००० मुद्रांचा महागडा सैनिकच परवडतो. तेव्हा नगर कोणतेही असो, भरतीच्या पडद्यावर दोन प्रश्न विचारावेत. आपल्याला फुकट काय मिळते? आणि आज विकत घेतलेल्यांपैकी पाचव्या लढाईनंतर कोण उरेल?