विश्वासाची किंमत : लिख्टेनस्टाइनची कहाणी

आल्प्स पर्वताच्या कुशीत, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या मधोमध लिख्टेनस्टाइन नावाचे एक चिमुकले राज्य वसले आहे. क्षेत्रफळ अवघे 160 चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती सुमारे 40,000. म्हणजे आपल्याकडील तालुक्याच्या एखाद्या गावाएवढी. पश्चिमेस ऱ्हाइन नदी व तिच्या काठची सपाट, सुपीक पट्टी. पूर्वेस चढत जाणारे डोंगर. ग्राउश्पिट्झ हे सर्वांत उंच शिखर 2,599 मीटरचे आहे. देशाला समुद्रकिनारा नाही, आणि शेजारच्या दोन्ही देशांनाही तो नाही. विमानतळही नाही. तरीही दरडोई उत्पन्नात हा देश जगाच्या अग्रभागी आहे. हे वैभव आले कोठून आणि ते टिकले कसे, हा व्यापारी समाजाने मुळातून पाहण्याजोगा विषय आहे.

या राज्याचा जन्मच मुळी एका खरेदीतून झाला. लिख्टेनस्टाइन घराण्याने 1699 मध्ये शेलेनबर्ग आणि 1712 मध्ये फाडुट्स हे प्रदेश विकत घेतले. सम्राटाच्या थेट अधीन असलेली भूमी हाती आल्यास साम्राज्याच्या सभेत स्थान मिळेल, हा त्यामागचा हेतू. 1719 मध्ये दोन्ही प्रदेश एकत्र करून संस्थान निर्माण झाले. मात्र राज्य करणारा राजा आपल्या या भूमीत प्रथम आला तो 1842 मध्ये! 1868 मध्ये सैन्यही विसर्जित करण्यात आले, ते पुन्हा कधी उभारले गेले नाही.

राज्यकारभाराची घडी निराळी आहे. 1921 च्या राज्यघटनेनुसार सत्ता राजा व प्रजा या दोघांत विभागलेली आहे. विधिमंडळात 25 सदस्य, मंत्रिमंडळात पाच. ठरावीक नागरिकांच्या सह्या जमल्या की कोणताही कायदा जनमताला टाकता येतो. पण राजाला नकाराधिकार आहे. तो मर्यादित करण्याचा प्रस्ताव 2012 मध्ये आला, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. स्त्रियांना मात्र राष्ट्रीय मतदानाचा हक्क 1984 पर्यंत मिळाला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे चलन कोसळले आणि त्यावर विसंबलेला हा देश कंगाल झाला. तेव्हा त्याने स्वित्झर्लंडशी जकातीचा करार केला व 1924 पासून स्विस फ्रँक स्वीकारला. अल्प कर आणि सोयीचे कंपनी कायदे यांमुळे परदेशी पैसा येऊ लागला. त्याचबरोबर कारखानेही उभे राहिले. शान गावी 1941 मध्ये सुरू झालेल्या हिल्टी कंपनीची छिद्रण यंत्रे आज जगभरच्या बांधकामांवर दिसतात. कृत्रिम दातांच्या साहित्यातही देशाचे नाव आहे. येथे काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक शेजारच्या देशांतून रोज ये-जा करतात.

परंतु या समृद्धीचा एक पाय गुप्ततेवर उभा होता. 2008 मध्ये येथील एका बँकेच्या माजी कर्मचाऱ्याने चोरलेली खातेदारांची माहिती जर्मनीच्या हाती पडली आणि करचुकवेगिरीचे मोठे प्रकरण उघडकीस आले. जर्मनीतील टपाल कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. त्या यादीत काही भारतीय नावेही होती. ती जर्मनीने आपल्या सरकारला कळवली आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर झाली. चहूबाजूंनी दडपण आल्यावर लिख्टेनस्टाइनने मार्च 2009 मध्ये करविषयक माहिती देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम मान्य केले. ज्या गुपितावर इतकी वर्षे धंदा चालला, त्या गुपिताला किंमत उरली नाही. कारखान्यांतील कौशल्याला मात्र ती तशीच राहिली.

श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्रात 'विरुद्धराज्यातिक्रम' याचा उल्लेख येतो. राज्याचे नियम डावलून मिळवलेले धन हा व्रताला लागलेला दोष होय. पेढीवर बसणाऱ्याला हे शास्त्र नवे नाही. पण पैसा दूरदेशी ठेवला की दोषही दूर राहतो, असा भ्रम अनेकांना होतो. लिख्टेनस्टाइनच्या यादीने तो भ्रम घालवला.

आता या देशाशी आपला संबंध उजळ मार्गाने जुळत आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या संघाशी भारताने 10 मार्च 2024 रोजी व्यापार करार केला; 1 ऑक्टोबर 2025 पासून तो अमलात आला. पंधरा वर्षांत 100 अब्ज डॉलरची गुंतवणूक भारतात आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. आपल्या तरुण उद्योजकांनी या दाराकडे अवश्य पाहावे. तेथे जाताना सोबत चोख माल आणि चोख वही असावी. मग दडवावे असे काही उरतच नाही.