हातोडा हाती देताना

लेकराच्या हाती हातोडा कोणत्या वयात द्यावा, असे पुण्यातल्या वस्त्यांवर फिरताना आया मला विचारतात. वडील सहसा विचारत नाहीत. जुन्नर, आंबेगाव, मुळशीकडून पोटासाठी शहरात आलेल्या आदिवासी घरांतले पुष्कळ पुरुष सेंट्रिंगच्या कामावर जातात. फळ्या कापणे, ठोकणे, उखडणे हा त्यांचा रोजचा उद्योग. गावाकडे याच हातांनी कुऱ्हाडीला दांडा बसवला, घराच्या मेढी रोवल्या. पण मुलाला जवळ बसवून थोडे शिकवा म्हटले की उत्तर येते, “ताई, त्याने हे करू नये म्हणून तर शाळेत घातलं.”

हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. ज्याने दिवसभर ओझी उचलली, त्याला लाकडात गंमत दिसावी ही अपेक्षा आपली, आरामात बसलेल्यांची आहे. शिवाय बालमजुरीची भीती खोटी नाही. 1986 चा कायदा 2016 साली सुधारला. आता चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. मात्र शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, घरच्या आणि धोका नसलेल्या उद्योगात त्याने मदत केली तर चालते. ही सवलत मला फार सैल वाटते. म्हणून मी पालकांना एक साधी खूण सांगते: जी वस्तू विकायची आहे, तिला मुलाचा हात लागू द्यायचा नाही. मूल जे करील ते घरात राहील किंवा खेळात मोडेल. आणि कंटाळा आला की ते उठून जाईल, त्याला कुणी थांबवायचे नाही.

एवढे ठरले की मग लाकडासारखे दुसरे खेळणे नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करू लागल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, काड्या अशा जवळच्या वस्तूंतून शिकवले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकण्याची सोय आहे, त्यात सुतारकामही आहे. पण ती सहावीपासून पुढे. चार-पाच वर्षांच्या मुलाला तोवर थांबवायचे कशाला?

सुरुवात पॉलिश पेपरने करावी. लाकडाच्या ठोकळ्याला तो गुंडाळून द्यावा आणि रेषेच्या दिशेने घासायला सांगावे. आडवे घासले की ओरखडे उठतात, हे मुलाला स्वतःच दिसते. चार वर्षांचे मूल यात अर्धा तास रमते, आणि बोटाने खरखरीत व गुळगुळीत यातला फरक ओळखू लागते.

पाचव्या वर्षी हातोडा. लहान आणि हलका हवा. मोठा हातोडा मुलाला दोन हातांनी धरावा लागतो आणि नेम चुकतो. इंचभर खिळा बापाने आधी थोडा ठोकून उभा करावा, किंवा कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून द्यावा, म्हणजे बोटे लांब राहतात. लाकूड मऊ असावे. सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वापार पांगारा वापरतात तो हलका आणि मऊ असतो म्हणूनच. पुण्यात पांगारा शोधत बसण्यापेक्षा भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये पाइनचे तुकडे पाहावेत. परदेशी मालाच्या पेटीचे लाकूड घेतले तर त्यावरचा गव्हाच्या कणसाचा शिक्का तपासावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते ठीक, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते घरात आणू नये. सेंट्रिंगच्या फळ्याही नकोत. त्यांत सिमेंट आणि तेल मुरलेले असते. प्लायवुड कापताना उडणारा भुसा लहान छातीला बरा नव्हे.

करवत सहा-सात वर्षांनंतर. आपले सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरतात, मुले तेच करू पाहतात. तेवढे मात्र करू देऊ नये. लाकूड स्टुलाला क्लॅम्पने आवळावे, मुलाचे दोन्ही हात करवतीवर असावेत आणि बापाचा हात त्यावर. पटाशी, वाकस आणि विजेवर चालणारी कोणतीही वस्तू या वयात नाही. डोळ्यांवर चष्मा असावा, बापाच्याही. मूल त्याच्याकडे पाहूनच लावते.

पहिली वस्तू कोणती? मी विटी-दांडू सुचवते. विटीची टोके वडील काढतात, घासते मूल. टोक फार निमुळते झाले तर विटी नीट उडत नाही, फार बोथट राहिले तरी नाही. मग पुन्हा घासायचे. मैदानावरचा एक डाव त्याला जे समजावून देतो ते मला बोलून समजावता येणार नाही. आदिवासी मुलाला क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात नेऊन मुखवटे, शिकारीची हत्यारे, घरगुती अवजारेही दाखवावीत. तिथे अनेक वडिलांचा आवाज बदलतो. ज्या वस्तूंबद्दल ते घरी बोलत नव्हते, त्यांची नावे ते मुलाला सांगू लागतात.

वाचक विचारतील की नासरेथचा सुतार इथे कसा आला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला सुताराचा मुलगा म्हणतात, मार्काच्या शुभवर्तमानात थेट सुतार. यामधली वर्षे कशी गेली, योसेफाने काय शिकवले, याविषयी शास्त्र गप्प आहे, म्हणून मीही त्यावर उपदेश रचत नाही.

आपल्या मंडळीत कुणाकडे आजोबांची जुनी हत्यारे माळ्यावर पडली असतील, तर छोटी करवत, हलका हातोडा, गुण्या, क्लॅम्प आम्हाला उपयोगी पडतील. गंजलेले असले तरी चालतील, गंज काढायला वडील तयार असतात. देण्यासारखे काही नसेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तिथला हातोडा नव्यापेक्षा स्वस्त असतो, फक्त दांडा सैल नाही ना, ते हलवून पाहा.