जहाजाचा घाट आणि धुराचा हिशेब

श्रोतेहो, कल्याणला खाडीच्या काठी उभे राहून दुर्गाडी किल्ला आपण पाहिलाच असेल. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. पुढे दोनच वर्षांनी, १६५९ साली, शिवाजी महाराज कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधीत असल्याची खबर गोव्याच्या पोर्तुगीज कारभाऱ्यांनी आपल्या सरकारला कळवली. त्या जहाजांना लाकूड लागे, शिडाचे कापड लागे आणि वारा लागे. कोळसा नको, की तेल नको.

आज न्हावा-शेव्याच्या बंदरात लोखंडी पेटारे घेऊन येणारी जहाजे तेलावर चालतात. त्यांतलाच माल पुढे ट्रकांतून भिवंडीच्या गोदामांत येतो. जगाच्या व्यापारातला शेकडा ऐंशीहून अधिक माल समुद्रावरूनच जातो. या जहाजांच्या धुरातून कर्बवायू बाहेर पडतो. २०१८ सालच्या हिशेबाप्रमाणे माणसाच्या उद्योगांतून हवेत जाणाऱ्या अशा उष्णतावर्धक वायूंपैकी शंभरात जवळजवळ तीन वाटे जहाजांचे होते.

“ते जहाज कुठे भर समुद्रात, आणि आम्ही कुठे!” असे कोणी म्हणेल. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे, त्यांना विचारा. बांध फुटला आणि भरतीचे पाणी भातखाचरात शिरले, म्हणजे काय होते ते त्यांना ठाऊक आहे. या वायूंमुळे पृथ्वी तापते, बर्फ वितळते, पाणी फुगते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरीने वीतभर, म्हणजे सुमारे वीस सेंटिमीटर चढली. बांधाची उंची मात्र आपोआप वाढत नाही.

म्हणून जहाजे बंद करायची काय? मुळीच नाही. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला ट्रकपेक्षा जहाजाला कितीतरी कमी तेल लागते. प्रश्न आहे तो जहाज बांधावे कसे, हा.

पहिली गोष्ट घाटाची. जहाजाची बरीचशी ताकद पाणी बाजूला सारण्यात आणि लाटा उठवण्यात खर्च होते. मोठ्या जहाजाच्या नाळेखाली, पाण्याच्या आत, भोपळ्यासारखा एक फुगवटा असतो. फुगवट्याने उठलेली लाट आणि नाळेने उठलेली लाट अशा जुळवतात की, एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडावा. लाटेने लाट मारली जाते आणि तेल वाचते. मात्र हा फुगवटा ठराविक वेगासाठीच घडवलेला असतो. वेग बदलला की त्याचा फायदा घटतो.

दुसरी गोष्ट वेगाची. वेग दहा टक्के कमी केला, तर इंजिनाला सुमारे सत्तावीस टक्के कमी ताकद पुरते. प्रवासाला थोडे दिवस जास्त लागतात हे खरे, पण तो हिशेब धरूनही साऱ्या प्रवासात तेल एकोणीस टक्क्यांच्या आसपास वाचते.

तिसरी गोष्ट आपल्या कोळी बांधवांना सांगायला नको. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की होडी जड चालते. जहाजाचेही तसेच, म्हणून तळ साफ आणि गुळगुळीत हवा.

चौथी गोष्ट वाऱ्याची, आणि इथे जुने नव्याने परत येत आहे. १९२४ साली जर्मनीत अँटन फ्लेट्नर यांनी एका जहाजावर फिरते उंच नळकांडे उभारून वाऱ्याची ओढ मिळवली. २०२३ साली ‘पिक्सिस ओशन’ हे मालवाहू जहाज साडेसदतीस मीटर उंचीची दोन ताठ शिडे लावून चीनमधून ब्राझीलला गेले. वारा इंजिनाची जागा घेत नाही. तो इंजिनाला हातभार लावतो.

नवे इंधनही येत आहे. पण तेलाइतके काम मिथेनॉलकडून घ्यायचे, तर टाकी दुपटीहून मोठी लागते, आणि तितकी मालाची जागा जाते. म्हणून आधी भूक कमी करावी, मग अन्न बदलावे.

घाई कशासाठी, असे विचाराल. जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते. आज कागदावर जो घाट आखला, तोच २०५० साली समुद्रात धूर सोडीत असेल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तर २०५० च्या सुमारास हा हिशेब शून्यावर आणण्याचे २०२३ साली ठरवले आहे. त्यासाठीच्या नियमांवरील निर्णय मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. राष्ट्रे थांबू शकतात, भरती थांबत नाही.

गुरुजींना एक विनंती. लाकडाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक चौकोनीच राहू द्या, दुसऱ्याची टोके निमुळती करा. पाण्याच्या हौदात दोन्ही सोडा, दोऱ्याच्या टोकाला सारखाच खडा बांधून तो काठावरून खाली लोंबू द्या, आणि आधी कोणता तुकडा पोहोचतो ते मुलांना पाहू द्या. मग खडे दुप्पट करा. वेग दुप्पट होतो का, हे मुलांनाच मोजू द्या. बाकीचे त्यांना सांगावे लागणार नाही.