त्रेसष्टावी थाळी

आदिलाबादच्या मार्केट यार्डाजवळ 40 खुर्च्यांची एक खानावळ आहे असं धरू. थाळी 120 रुपयांची. दुपारी प्रत्येक खुर्चीवर दोनदा गिऱ्हाईक बसलं, तर 80 थाळ्या जातात आणि गल्ल्यात 9600 रुपये येतात. किराणा-भाजीला थाळीमागे 48 प्रमाणे 3840 गेले. भाडं, आचारी, वाढपी, गॅस, वीज मिळून रोजचे 4500. उरले 1260. बरं चाललंय म्हणायचं.

आता गिऱ्हाईक पावपट घटवून बघा. 60 थाळ्यांचे 7200 येतात. सामानाचे 2880 आणि तेच 4500 वजा केले की मालकालाच खिशातून 180 घालावे लागतात. गिऱ्हाईक पाव गेलं, नफा मात्र सगळा गेला, कारण आचाऱ्याचा पगार थाळ्या मोजून देता येत नाही. 62 थाळ्यांपर्यंत मालक इतरांसाठीच राबतो. त्याची स्वतःची कमाई 63 व्या थाळीपासून.

तीही सगळी त्याची नव्हे. वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि या खानावळीची जाणारच. कंपोझिशन योजना घेतली तर बिलावर कर लावता येत नाही. उलाढालीचे 5 टक्के गल्ल्यातून भरायचे. म्हणजे भरलेल्या दिवसाच्या 1260 तून 480 गेले. 19 किलोच्या सिलिंडरवर भरलेला 18 टक्के करही परत मिळत नाही.

मग 63 वी थाळी कधी खपते? इथे त्याचं उत्तर कापूस देतो. दिवाळीच्या आसपास यार्डात गाड्या लागू लागतात. शेतकरी, हमाल, ड्रायव्हर, अडतीचे लोक दुपारी जेवायला बाहेरच असतात. पुष्य अमावास्येला केसलापूरची नागोबा जत्रा येते, तेव्हा इंद्रवेल्लीच्या वाटेवरची हॉटेलंही भरतात. पावसाळ्यात कुंतालाचा धबधबा थोडी गर्दी आणतो, पण ती नेरडीगोंड्याकडे. यार्डाला तिचा उपयोग नाही. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात अडकतो आणि खुर्च्या रिकाम्या पडतात. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या ढाब्याला हे चढउतार कमी जाणवतात, कारण ट्रक बारा महिने धावतात. त्या बदल्यात रात्रपाळीची माणसं आणि गाड्या लावायला मोकळी जागा लागते.

माझ्या मते यार्डाजवळच्या माणसाने थाळीचा दर वाढवण्याआधी सकाळ वापरावी. इडली-वडा, पोहे त्याच भाड्यात निघतात. पार्सलला खुर्ची लागत नाही. कायम नोकर मोजके ठेवून हंगामापुरते दोन हात रोजंदारीवर घेतले, तर रोजचे 4500 खाली येतात आणि 63 चा आकडाही खाली सरकतो.

जागा बघायला लोक बहुधा दिवाळीनंतर जातात आणि गर्दी बघून भाडं कबूल करतात. तुम्ही जुलैत जा, दुपारी एक वाजता बसलेली माणसं मोजा, आणि त्या आकड्यावर भाडं ठरवा.