पंचायतीपर्यंत केबल आली, घरापर्यंत नेट का नाही?

रस्त्याकडेला चर खणला जातो, नळीतून काळी केबल ग्रामपंचायतीच्या कार्यालयात शिरते आणि गावात नेट आल्याची बातमी पसरते. वर्ष उलटते, तरी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला पोरांना तालुका गाठावा लागतो. मग पारावर एकच निष्कर्ष निघतो : पैसे खाल्ले, योजना कागदावर राहिली. कुठे तो खराही असेल. पण योजनेत नेमके काय कबूल केले होते, हे गावाला बरेचदा कोणी सांगितलेलेच नसते.

ही योजना म्हणजे भारतनेट. ती २०१५ च्या ‘डिजिटल इंडिया’तून निघाली, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ऑक्टोबर २०११ मध्येच मंजुरी दिली होती. तेव्हा तिचे नाव ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होते आणि अंदाजित खर्च सुमारे २० हजार कोटी रुपये. अडीच लाख ग्रामपंचायती दोनेक वर्षांत जोडायच्या होत्या. त्यातल्या पहिल्या एक लाख पंचायतींसाठीच डिसेंबर २०१७ उजाडला. सरकार बदलले, नाव बदलले, मुदती पुढे सरकत राहिल्या. म्हणून या विलंबाचे खापर एकाच पक्षाच्या माथी फोडता येत नाही आणि श्रेयही एकट्याला घेता येत नाही.

पैशाबद्दलही असाच घोळ आहे. हे सरकारने फुकट दिलेले दान नव्हे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के रक्कम एका खास निधीत जमा होते. २००२ पासून चालत आलेल्या या निधीला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. कंपन्यांचा महसूल येतो ग्राहकांच्या रिचार्जमधून. म्हणजे मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाचा, गावातल्या माणसाचाही, या केबलमध्ये वाटा आहे. तिचा हिशेब मागणे हा त्याचा हक्कच आहे.

आता मुख्य गैरसमज : केबल आली म्हणजे इंटरनेट आले.

भारतनेटची मूळ आखणी तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतच होती. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक मोठे यंत्र, तिथून निघालेली केबल आणि पंचायतीच्या भिंतीवर ‘ओएनटी’ नावाची छोटी पेटी. सोबत बॅटरी, काही ठिकाणी छपरावर सौर पॅनेल. पेटीवरचा दिवा हिरवा लागला की पंचायत ‘सर्व्हिस रेडी’ म्हणून नोंदली जाते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशभरात अशा २ लाख १४ हजारांवर पंचायतींची नोंद झाली होती. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की सेवा देण्याची सोय तयार आहे. पेटीपासून शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि घरांपर्यंत तार ओढायची कोणी, बिल भरायचे कोणी, बॅटरी उतरली तर बदलायची कोणी, हे प्रश्न तिथेच लोंबकळत राहिले.

त्यात केबलची मांडणी सरळ रेषेत. एका गावातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या गावात. रुंदीकरणाच्या कामावरच्या जेसीबीने मध्येच ती तोडली, की पुढची सगळी गावे एका झटक्यात बंद पडतात. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच कड्यासारखी मांडणी ठरवली आहे. एका बाजूने केबल तुटली, तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी यासाठी. देखभालीची तरतूद दहा वर्षांची आहे आणि दीड कोटी घरगुती जोडण्यांचे उद्दिष्टही आहे. केबल पुरण्याइतकाच तिच्या देखभालीवर खर्च हवा, ही जाणीव बारा वर्षांनी का होईना, धोरणात आली. या योजनेतला हा सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल.

गाव एकदा डिजिटल जाहीर झाले की ते कायमचे डिजिटल, हाही एक भ्रम. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले. मायक्रोसॉफ्टच्या मदतीने तिथे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवले होते. २०१९ च्या निवडणूक प्रचारात त्याच गावावरून दावे-प्रतिदावे झाले. उद्घाटनाच्या दिवशीचे चित्र दाखवून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. उपकरण आज चालते का आणि कोण वापरते, एवढेच पाहायला हवे.

आकडे वाचतानाही सावध राहिले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये देशात इंटरनेटचे ९५ कोटी ४४ लाख ग्राहक होते, त्यांपैकी ग्रामीण भागात ३९ कोटी ८३ लाख. ही जोडण्यांची संख्या आहे, माणसांची नव्हे. एकाच्या खिशात दोन सिमकार्डे असतात आणि एकाच घरातल्या चौघांत एक फोनही असतो. तो फोन बहुधा कोणाच्या हातात असतो, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले : कधी तरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७.१ टक्के, स्त्रिया ३३.३ टक्के. ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण तर २४.६ टक्के. टॉवर दारात आला तरी ही दरी आपोआप बुजत नाही.

वायफाय विकायला परवाना लागतो, असे अनेक दुकानदार समजतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानदार किंवा चहावाला आपल्या जोडणीवरून गिऱ्हाइकांना वायफाय देऊ शकतो. त्याला परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. लॉगिन आणि हिशेब सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी मात्र जोडून घ्यावे लागते.

यूपीआयसाठी स्मार्टफोनच हवा, हा समजही आता कालबाह्य झाला आहे. *९९# ही सेवा आणि मार्च २०२२ पासूनची ‘यूपीआय १२३पे’ साध्या बटणांच्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालते. मात्र तो मोबाइल क्रमांक बँक खात्याशी जोडलेला असावा लागतो. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी : पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी तसे सांगत असेल, तर तो लुबाडणारा आहे. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा.

इंटरनेट ही चैन आहे, असे न्यायालयेही आता मानत नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी दिव्यांगांच्या ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ शी जोडला.

येत्या ग्रामसभेत सरपंचांना आणि ग्रामसेवकांना चार प्रश्न विचारा. पंचायतीतली पेटी चालू आहे का? तिच्यावरून शाळा आणि आरोग्य उपकेंद्र जोडले आहे का? बिल कोण भरते? बंद पडली तर तक्रार कोणाकडे करायची? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवायला लावा.