व्ही बिट किती खाली न्यायचं?

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे माग चालतात. सूत तुटलं की माग थांबवणारं छोटं सर्किट करून बघायचं, तर बोर्ड लागतो एकच. एवढ्यासाठी बाहेरगावी ऑर्डर टाकून वाट बघत बसणं जिवावर येतं. घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड करता येतो, पण त्याचे पिवळे डाग इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कुणालाही विचारा! तिसरी वाट टेबलावर मावणाऱ्या सीएनसी यंत्राची. बोर्डावरचं तांबं कोरून ते ट्रॅक सुटे करतं, रसायनाचा थेंब न वापरता. मला ही वाट मनापासून आवडते. तिची सगळी मदार मात्र एका आकड्यावर आहे: बिट, म्हणजे यंत्राचं कोरणारं हत्यार, किती खाली न्यायचं.

नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३५ मिमी. मग ०.०४ खाली गेलं की झालं, असं वाटतं. पण बोर्ड पुरता सपाट नसतो, म्हणून जरा जास्तच खाली जावं लागतं, आणि व्ही बिट तर खाली निमुळतं असतं. ते जितकं खोल जाईल तितकी खाच वर रुंदावते. टोक ०.१ मिमीचं आणि कोन ६० अंशांचा धरा. ०.१ मिमी खोलीवर खाच साधारण ०.२१ मिमी रुंद होते, ०.२ वर ०.३३. एटमेगा ३२८ या चिपच्या ३२ पायांच्या चपट्या प्रकारात पाय ०.८ मिमी अंतरावर असतात. ते पाय डकवायचे तांब्याचे पॅड ०.५ चे ठेवले तर मधे ०.३ उरतात. पहिली खाच त्यातून सुखरूप जाते, दुसरी पॅड खाते. त्याच ०.२ खोलीवर ३० अंशांचं बिट ०.२१ मिमीचीच खाच पाडतं. खोलीतली चूक ते पोटात घालतं, पण त्याचं टोक नाजूक, चटकन मोडतं.

पाकिटावरच्या कोनावर मी विसंबत नाही. कुणी पूर्ण कोन छापतं, कुणी एका बाजूचा. त्यापेक्षा बोर्डाच्या कोपऱ्यात दोन रेघा मारा, एक ०.१ खोल, दुसरी ०.२, आणि भिंगाखाली दोन्हींची रुंदी मोजा. फरक ०.०५ च्या आसपास आला तर बिट ३० अंशांचं, ०.११५ आला तर ६० चं. टोक झिजलेलं असलं तरी हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही रेघा हिशोबापेक्षा सारख्याच फरकाने जाड आल्या, तर टोक झिजलंय किंवा बिट त्याला धरणाऱ्या कोलेटमध्ये डगमगतंय.

खरा घोळ बोर्डाच्या पातळीचा. डबल साइड टेपने चिकटवलेला बोर्ड मधे किंचित फुगलेला असतो, आणि ०.१ मिमीचा उंचवटा डोळ्यांना दिसत नाही. एका कोपऱ्यावर शून्य लावून काम सुरू केलं, की कुठे तांबं तसंच राहतं, कुठे ट्रॅकच उडतो. म्हणून एक वायर तांब्याला आणि एक बिटला लावून, बिट टेकताच सर्किट पूर्ण होईल अशी सोय करतात. याच युक्तीने बोर्डभर ठिकठिकाणी टेकवून बीसीएनसीसारखं सॉफ्टवेअर उंचीचा नकाशा तयार करतं आणि खोली त्याप्रमाणे वरखाली करतं. बारीक कामाला मी हे टाळू देणार नाही.

महाराष्ट्रात अशा यंत्रांवर हात बसवायचं एक जुनं ठिकाण म्हणजे शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकण्यासाठी. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे अशी यंत्रं वापरायला देणारी कार्यशाळा, उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. जगभरच्या फॅब लॅबमध्ये बोर्ड कोरायला बहुधा १/६४ इंची, सपाट टोकाचं बिट वापरतात. ते थोडं जास्त खाली गेलं तरी खाच ०.४ मिमीचीच. नवशिक्यांसाठी ही निवड अगदी योग्य. फक्त आपल्या ०.३ च्या फटीत ते शिरत नाही. तिथे व्ही बिटलाच हात घालावा लागतो.

कोरताना उडणारी बोर्डातल्या फायबरग्लासची धूळ फुप्फुसांना वाईट. तोंडाला मास्क आणि शेजारी व्हॅक्यूम हवाच. आणि काम संपलं म्हणून बोर्ड लगेच उचलू नका. आधी मल्टिमीटरने शेजारशेजारचे ट्रॅक तपासा. कुठे शॉर्ट निघाला तर बिट ०.०२ मिमी आणखी खाली घेऊन तेवढाच मार्ग परत फिरवता येतो. टेपवरून बोर्ड सुटला, की शून्य हरवलं आणि सगळं पहिल्यापासून.