इंधन लिटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजा

मरीन परेडहून थोडं पश्चिमेला गेलं की ओल्ड एअरपोर्ट रोड लागतो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये आपल्यापैकी बरेच जण जेवले असतील. रस्त्याच्या नावातला 'जुना विमानतळ' म्हणजे १२ जून १९३७ रोजी सुरू झालेला कलांग विमानतळ. त्याच महिन्यात अमेलिया एअरहार्ट पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवर कराची, कोलकाता, रंगून, बँकॉक करत सिंगापूरला आली आणि इथून पुढे जावा बेटाकडे गेली. २ जुलैला न्यू गिनीतल्या ले गावाहून ती हाउलंड या चिमुकल्या बेटाकडे निघाली. अंतर चार हजार किलोमीटरांहून जास्त आणि खाली नुसता समुद्र. बेटाजवळ थांबलेल्या अमेरिकन जहाजाला रेडिओवर तिचा निरोप मिळाला: बेट दिसत नाही आणि इंधन संपत आलंय. त्यानंतर विमान सापडलं नाही. पुढे नेमकं काय घडलं यावर आजही वाद चालतो. एवढं मात्र खरं की शोध घ्यायला लागणारा वेळ तिच्या टाकीत उरला नव्हता.

टाकीत वेळ असतो, हे वाक्य विचित्र वाटेल. पण सेलेटारला असो नाहीतर बारामती, गोंदिया किंवा धुळ्याला, शिकाऊ वैमानिकाच्या अंगी बाणवायची पहिली सवय हीच आहे. गाडीतलं पेट्रोल संपलं तर आपण कडेला थांबतो. आकाशात कड नसते. म्हणून 'किती लिटर आहे' या प्रश्नाचं उत्तर 'अजून किती मिनिटं उडता येईल' असं द्यावं लागतं.

एक हिशेब करून पाहू. सेस्ना १७२ हे शिकवणीचं नेहमीचं चार आसनी विमान. समजा टाक्यांत वापरण्याजोगं इंधन १०० लिटर आहे आणि इंजिन तासाला ३५ लिटर पितं. म्हणजे सुमारे २ तास ५१ मिनिटं. यातली ३० मिनिटं राखीव. दिवसा, डोळ्यांनी बाहेर पाहत उडणाऱ्या छोट्या विमानासाठी आंतरराष्ट्रीय नियम किमान एवढा साठा मागतो. रात्री ४५ मिनिटं. ठरलेला विमानतळ ऐनवेळी बंद झाला तर दुसरीकडे जायला आणखी २० मिनिटं धरू. इंजिन सुरू करणं, धावपट्टीपर्यंत जाणं आणि वर चढणं यांसाठी १० मिनिटं. उरला साधारण १ तास ५१ मिनिटांचा वेळ. तीन तासांजवळ वाटणारी टाकी प्रत्यक्षात दोन तासांचीही नाही निघाली.

आता त्यात एक छोटी चूक घालू. उंचावर हवा विरळ होते, त्यामुळे तिच्या प्रमाणात इंजिनात जाणारं पेट्रोलही कमी करावं लागतं. त्यासाठी कॉकपिटमध्ये लाल मुठीचा एक दांडा असतो. शिकणारा तो मागे घ्यायला विसरला आणि खप ३५ ऐवजी ४२ लिटर झाला असं समजा. तेच १०० लिटर आता २ तास २३ मिनिटंच पुरतील. २८ मिनिटं गेली! एक थेंबही न सांडता जवळजवळ सगळा राखीव साठा जळून गेला.

मग इंधनाचा काटा कशासाठी असतो? काटा असतो, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर कुणी उडत नाही. पंखातली टाकी रुंद आणि उथळ असते. परातीत थोडं पाणी घेऊन ती जरा कलती करा, सगळं पाणी एका कडेला धावतं. विमान वळलं की टाकीतलं पेट्रोलही तसंच सरकतं आणि आतल्या तरंगत्या भागाला जोडलेला काटा खोटं बोलू लागतो. म्हणून उड्डाणाआधी वैमानिक पंखाचं झाकण उघडून टाकीत मोजपट्टी बुडवतो. ते माप, काट्याचं माप आणि मागच्या उड्डाणाच्या नोंदीवरून केलेला हिशेब, ही तिन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. एक जरी जुळलं नाही तरी कारण सापडेपर्यंत विमान जमिनीवरच राहतं.

एककांचा घोळ हा वेगळाच धोका. मोजपट्टीवर गॅलन, भरणाऱ्याच्या मीटरवर लिटर आणि विमानाच्या वजनाच्या हिशेबात पौंड, असं एकाच सकाळी होऊ शकतं. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधनाचे काटे बंद होते, म्हणून हिशेब हाताने केला गेला. लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायचं, तिथे १.७७ हा पौंडांचा आकडा वापरला गेला. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघालं आणि वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर वैमानिकांनी ते तरंगत आणून उतरवलं, म्हणून सगळे वाचले. चूक अनुभवी माणसांच्या हातून झाली होती, हे विसरू नये.

सिंगापूरसारख्या दमट हवेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली तर आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळूनच निघते. त्यामुळे सकाळी टाकीच्या सगळ्यात खालच्या तोटीतून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढून पाहतात. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब दिसतो. नळीत निळा रंगच दिसला नाही तर जास्त सावध व्हायचं, कारण आलेलं सगळं पाणीच असू शकतं.

एवढं सगळं करूनही वारा उलटा लागतो, पाऊस वाट अडवतो, उतरण्यासाठी रांग लागते. इथे गणित संपतं आणि बोलणं सुरू होतं. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ खराब हवेमुळे तासाभराहून जास्त घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी 'प्राधान्य द्या' असं म्हटलं, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण आणीबाणी जाहीर केली नाही. विमान कोसळलं आणि १५८ पैकी ७३ जण गेले. आज त्यासाठी ठरावीक शब्द आहेत. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता आणखी उशीर झाला तर राखीव साठ्याला हात लागू शकतो. 'मेडे फ्युएल' म्हणजे जवळच्या विमानतळावर उतरेपर्यंत त्या साठ्याला हात लागणारच, ही आणीबाणी आहे.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. मोठ्यांसमोर गप्प बसायचं वळण आपल्या मुलांना घरातूनच मिळतं. कॉकपिटमध्ये मात्र 'सर, माझ्या हिशेबाने इंधन पुरत नाही, परत फिरू या' असं प्रशिक्षकाला म्हणता यायला हवं, आणि चांगला प्रशिक्षक ते ऐकून खूश होतो.

तुमच्या घरातलं कुणी विमान चालवायला शिकत असेल, तर संध्याकाळी 'कसं झालं?' एवढ्यावर थांबू नका. 'उतरलास तेव्हा किती मिनिटांचं इंधन शिल्लक होतं?' असंही विचारा. उत्तर अडखळत आलं, तर पुढच्या उड्डाणाआधी प्रशिक्षकासोबत बसून हिशेब करायला सांगा.